कॉफी किती प्यायची ते सगळे सांगतात, कधी प्यायची ते कुणी सांगत नाही

पाणपोई
रविवार, सकाळी ११.१०

आईला थायरॉइडची गोळी सुरू होऊन सहा वर्षं झाली. पहिली चार वर्षं कसलीच कुरकुर नव्हती. त्यानंतर मात्र तिचा टीएसएच (थायरॉइडचं औषध कमी पडलं की रक्ततपासणीत चढणारा आकडा) काही केल्या ताळ्यावर येईना. ७५ मायक्रोग्रॅमची गोळी १०० ची झाली, १०० ची १२५ ची झाली, तरी आकडा आपला ८-९ च्या घरातच. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटायचं, केस विंचरले की कंगवा भरून यायचा, ऐन उन्हात थंडी वाजायची. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "गोळी चुकते का?" आणि आई सांगायची, "एक दिवसही नाही." ती खरंच बोलत होती. मी स्वतः पाकिटातल्या फोडलेल्या जागा मोजून पाहिल्या होत्या.

मध्यंतरी तिच्याकडे राहायला गेले होते. एका सकाळी लवकर जाग आली आणि ती गोळी कशी घेते ते पहिल्यांदाच समोरून पाहिलं. ओट्याला टेकून उभी, डाव्या हातात वाफाळती कॉफी, उजव्या तळहातावर ती इवलीशी गोळी. गोळी जिभेवर टाकली आणि तिच्यामागून कॉफीचा घोट घेतला. मी विचारलं तर म्हणाली, "उपाशीपोटी घ्या म्हणालेत ना? मी कुठे काही खाते?"

उपाशीपोटी म्हणजे काही न खाता, एवढाच अर्थ तिने घेतला होता. पिण्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. नोकरीत असताना ती उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि कॉफी निघायच्या आधी, तासाभराने व्हायची. निवृत्त झाली, सकाळची घाई संपली आणि दोन्ही गोष्टी एकाच घोटात आल्या. टीएसएच चढायला लागला तोही तेव्हापासूनच.

कॉफीबरोबर घेतलेलं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, आतड्यात नीट शोषलं जात नाही. २००८ साली इटलीतल्या संशोधकांनी एस्प्रेसोबरोबर गोळी घेणाऱ्या रुग्णांमध्ये हे दाखवून दिलं होतं. म्हणूनच गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने करायचा असं सांगतात. आईच्या चिठ्ठीवर फक्त "उपाशीपोटी" लिहिलेलं होतं.

आम्ही कॉफी तासभर पुढे ढकलली. पाच-सहा आठवड्यांत आईची छाती धडधडायला लागली, हात कापू लागले. तपासलं तर टीएसएच ०.२. म्हणजे १२५ चा डोस आता कुठे पूर्ण अंगी लागत होता आणि तो तिला जास्त होत होता. डॉक्टरांनी तो १०० वर आणला आहे. परत तपासणी दीड-दोन महिन्यांनी, कारण हे औषध शरीरात रेंगाळतं, निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. (हे वाचून कुणी स्वतःहून डोस कमी-जास्त करू नका. वेळ बदललीत तर डॉक्टरांना सांगा आणि तपासणी करून घ्या.)

गेला महिनाभर कॉफीबद्दल मिळेल ते वाचतेय. बहुतेक लेख "कॉफी चांगली की वाईट" नाहीतर "दिवसाला किती कप" इथेच थांबतात. मला मात्र जिथे तिथे घड्याळ दिसायला लागलंय. तीच कॉफी, तेवढीच कॉफी, पण एक तास इकडे-तिकडे झाला की परिणाम वेगळा. तुमच्यापैकी कुणाला असं काही अनुभवायला मिळालंय का?

गारवेल
रविवार, दुपारी १२.०५

पाणपोई, अगदी वेळेवर धागा काढलास. माझं हिमोग्लोबिन दोन वर्षं ९ च्या वर जात नव्हतं. लोहाची गोळी नेमाने घेत होते, पण नाश्ता आणि कॉफी झाल्यावर, म्हणजे पोटाला त्रास नको म्हणून. आहारतज्ज्ञाने पहिल्याच भेटीत विचारलं, "गोळीच्या आगेमागे काय पिता?"

तिने मला १९८३ चा एक जुना अभ्यास समजावून सांगितला. हॅम्बर्गरच्या जेवणाबरोबर एक कप कॉफी प्यायली की त्या जेवणातलं लोह ३९ टक्के कमी शोषलं गेलं. चहाने तर ६४ टक्के. मला खरं चकित केलं ते पुढच्या भागाने. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काहीच फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतली तर मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकाच तोटा झाला! आपण सगळे नेमकं उलट करतो. जेवण झाल्यावर थोडं थांबून कॉफी घेतली म्हणजे काळजी मिटली असं मी धरून चालले होते.

आणि हे कॅफीनमुळे होत नाही. कॉफीतली पॉलिफिनॉल्स, क्लोरोजेनिक आम्लासारखी, पोटात लोहाला धरून ठेवतात. त्यामुळे डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, घेऊन सुटका नाही. सगळ्यात जास्त फटका वनस्पतिजन्य लोहाला बसतो, म्हणजे शाकाहारी माणसांनी जास्तच जपायला हवं.

आता मी कॉफी उठल्यावर लगेच घेते, गोळी दुपारी. चार महिन्यांत ११.४ झालं. ज्यांचं लोह चांगलं आहे त्यांनी उगाच धास्ती घेऊ नये, पण पाळी जास्त जाणाऱ्या मुलींनी आणि गरोदर बायकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

कुतूहल
रविवार, दुपारी १.३०

औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून एक भर घालतो. हाडं ठिसूळ होतात त्यावर अॅलेंड्रोनेट नावाची गोळी देतात, बहुतेकदा आठवड्यातून एकदा. ती मुळातच फार थोडी शोषली जाते, शंभरातला जेमतेम एखादा भाग. कॉफीबरोबर घेतली तर त्यातलंही साधारण ६० टक्के वाया जातं. ती उठल्यावर फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. घरातल्या वयस्क बायकांना एकदा विचारून बघा, कशाबरोबर घेतात.

पाणपोईताई, तुमच्या आईंची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे. नाव-गाव न सांगता.

शेवंती
रविवार, दुपारी २.१५

वाचनखूण साठवली. आईला आत्ताच फोन केला. तीही कॉफीबरोबरच घेते!!

रातवा
सोमवार, पहाटे ५.४०

मी परिचारक आहे, अकरा वर्षं रात्रपाळी. कॉफी माझ्यासाठी चैनीची गोष्ट नाही, तिच्याशिवाय पहाटे चार वाजता औषधाचा डोस मोजताना हात अडखळतो. म्हणून मी तिच्याबद्दल कृतज्ञतेनेच लिहिणार आहे. पण घड्याळाचा मुद्दा मला सगळ्यात महागात पडला, तो आधी सांगतो.

जागं असताना मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसतं आणि आपल्याला पेंग येते. कॅफीनचा आकार त्याच्याशी इतका मिळताजुळता आहे की ते त्याच जागा अडवून बसतं, पण झोपेचा निरोप काही देत नाही. म्हणजे थकवा जात नाही. निरोप तेवढा पोचत नाही, अॅडिनोसिन मागे साठतच राहतं. कॅफीन उतरलं की ते सगळं एकदम जाणवतं. पहाटे साडेपाचला मला पाय जड झाल्यासारखे वाटायचे ते यामुळेच.

माझी पाळी सकाळी सातला संपते, नऊला झोपतो. शेवटची कॉफी चारला घ्यायचो, म्हणजे झोपेच्या पाच तास आधी. झोप लागायची. चांगली पटकन लागायची. पण साडेबाराला टक्क डोळे उघडे. अनेक वर्षं मी उजेडाला दोष दिला, जाड पडदे लावले, कानात बोळे घातले. मग २०१३ चा एक अभ्यास वाचनात आला. लोकांना ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपायच्या वेळी, तीन तास आधी आणि सहा तास आधी देऊन पाहिलं. सहा तास आधी घेऊनसुद्धा झोप तासाभराहून जास्त कमी झाली. आणि हे मोजणाऱ्या यंत्राला दिसलं, झोपणाऱ्यांना स्वतःला त्याचा नीटसा पत्ता लागला नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

आता पाळी सुरू होताना रात्री दहाला एक मोठा कप आणि एक वाजता अर्धा. त्यानंतर नाही. पहिला आठवडा कठीण गेला, चारच्या सुमाराला उभ्याने डुलक्या यायच्या, सहकाऱ्याला सांगून डोस दोघांनी तपासून दिले. आता अडीचपर्यंत झोपतो. दोन तास जास्त. माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही हल्ली चिडत नाही, काय झालं?"

चकोर
सोमवार, सकाळी ९.२०

रातवा, तुमच्या कामाला सलाम. पण मला हे सरसकट पटत नाही. मी रात्री जेवणानंतर कॉफी पितो, वीस वर्षं पितो, आणि पाठ टेकली की दहा मिनिटांत घोरतो. बायको साक्षीला आहे. काही जणांना कॉफी लागतच नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?

कुतूहल
सोमवार, सकाळी १०.४५

चकोर, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे.

कॅफीन यकृतात मोडलं जातं, त्यातलं बहुतेक काम सीवायपी१ए२ हे एकच विकर (एन्झाइम) करतं. ते कुणात जोरात चालतं, कुणात संथ, आणि ते बरंचसं जन्मतः ठरलेलं असतं. निरोगी माणसात कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, पण ही सरासरी फसवी आहे. कुणाला दीड-दोन तास, कुणाला नऊ. चार वाजता २०० मिलिग्रॅम घेतलं असं धरा. पाच तासवाल्याच्या अंगात रात्री नऊला १०० आणि दोनला ५० शिल्लक. नऊ तासवाल्याच्या अंगात रात्री एकलाही १००, म्हणजे मध्यरात्री उठून एक कप कॉफी प्यायल्यासारखंच. दोघांनी एकाच किटलीतून एकाच वेळी कॉफी घेतलेली असते.

बाहेरच्या गोष्टींनीही हा वेग बदलतो. सिगारेटच्या धुराने ते विकर जवळजवळ दुप्पट जोमाने चालतं. म्हणून सिगारेट सोडणाऱ्या माणसाने कॉफी तेवढीच ठेवली तर रक्तातलं कॅफीन वाढतं. धडधड, बेचैनी, झोप उडणं, आणि त्याला वाटतं सिगारेट सोडल्याचाच त्रास होतोय. किती जण एवढ्याने परत सिगारेटकडे वळत असतील याची मला फार हळहळ वाटते, कारण तेव्हा कॉफी निम्मी करणं हा साधा उपाय असतो. उलट, गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफीन साधारण दुप्पट वेळ टिकतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे नेहमीचं प्रतिजैविकही त्याचं मोडणं मंदावतं. फ्लुवॉक्सामिन नावाचं नैराश्यावरचं औषध तर फारच. अशी औषधं चालू असताना "हल्ली मला कॉफी सोसत नाही" असं वाटलं तर ते मनाचे खेळ नाहीत.

उरलेलं अर्धं असं की झोप लागणं आणि झोप होणं या दोन गोष्टी आहेत. कॅफीनने गाढ झोपेचा वाटा कमी होतो, आणि झोपलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नाही. तुम्ही जलद मोडणाऱ्यांपैकी असालही. पण पाठ टेकल्यावर दहा मिनिटांत झोप लागणं हा त्याचा पुरावा होत नाही, साठलेल्या थकव्यानेही तसंच होतं. दोन आठवडे रात्रीची कॉफी दुपारी बाराच्या आत घेऊन बघाल का? प्रमाण तेच ठेवा, फक्त वेळ बदला.

चकोर
सोमवार, सकाळी ११.००

ठीक. दोन आठवडे. इथेच येऊन सांगतो, जे होईल ते.

अबोली
सोमवार, दुपारी ३.३०

सहावा महिना चालू आहे. आधी दिवसाला तीन-चार कप व्हायचे. कळल्या दिवसापासून एकदम बंद केली. घरी सगळ्यांनी "बरं केलंस" म्हटलं. पण पहिले तीन दिवस डोकं असं ठणकलं की अंधार करून पडून होते, आणि उलट्या कॉफीच्या बंद होण्याने की गर्भारपणाने हेही कळेना. आता एखादा कप प्यावासा वाटतो तेव्हा अपराधी वाटतं. खरंच एक थेंबही चालत नाही का?

रातवा
सोमवार, दुपारी ४.१०

अबोलीताई, डोकं ठणकण्याचं आधी सांगतो. ते कॉफी एकदम तोडण्याचंच दुखणं असतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत शिगेला पोचतं आणि दोनापासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतं. थकवा, चिडचिड, कशातच लक्ष न लागणं, काहींना मळमळ. २०१३ सालच्या मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली आहे, म्हणजे तुम्ही काही नाजूकपणा करत नव्हता. रोजच्या कॅफीनमुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या राहतात, ते अचानक थांबलं की त्या सैलावतात.

वॉर्डात मी हे वारंवार बघतो. शस्त्रक्रियेसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो, नातेवाईक घाबरतात. मी पहिला प्रश्न विचारतो, "रोज कॉफी किती?" ज्यांना कमी करायची आहे त्यांनी आठवडाभरात, पाव-पाव कप करत उतरावं.

कुतूहल
सोमवार, सायंकाळी ५.००

अबोली, एक थेंबही नाही असं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंतेचं नाही असं सांगितलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा आकडाही तोच. (इतर निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅम.) २४० मिलिलिटरच्या गाळून केलेल्या कॉफीच्या कपात साधारण ९५ मिलिग्रॅम असतं, एस्प्रेसोच्या एका छोट्या घोटभर कपात ६०-६५, डिकॅफमध्ये बहुधा ५ च्या आत. चहा, कोला आणि चॉकलेट यांचंही त्यातच मोजायचं. बी कुठलं यावरही बरंच ठरतं, रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं.

आता वेळेचा भाग. गर्भारपणात कॅफीन मोडायचा वेग मंदावत जातो. शेवटच्या तिमाहीत ते निम्मं व्हायला १५ तासही लागू शकतात. सकाळी आठचा कप रात्री अकराला अर्धा शिल्लक. बाळाला तर ते मोडताच येत नाही, त्याच्याकडे ते विकरच अजून तयार नसतं. नवजात बाळात हाच काळ तीन दिवसांहूनही जास्त असतो. म्हणून मर्यादा निम्मी ठेवली आहे. माझं प्रामाणिक मत असं, की सकाळी एक छोटा कप घेणार असाल तर तो मनात अढी न ठेवता घ्या, दुपारनंतर टाळा, आणि तुमच्या डॉक्टरांना तेवढं सांगून ठेवा.

अबोली
सोमवार, सायंकाळी ५.२०

वाचून डोळे भरून आले. सहा महिन्यांत "नको" सगळ्यांनी सांगितलं, का ते पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. मनापासून आभार.

वळीव
मंगळवार, सकाळी ७.५०

माझं वय ६३, रक्तदाबाची गोळी चालू. घरी सकाळी मोजला की १५० च्या वर, दवाखान्यात दुपारी १३४. यंत्र बिघडलं म्हणून नवीन आणलं, तेही तेच दाखवतं. मी मोजतो कॉफी पिता पिता, वर्तमानपत्र वाचताना. हा धागा वाचून शंका आली.

रातवा
मंगळवार, सकाळी ८.१५

काका, शंका बरोबर आहे! रक्तदाब असलेल्या लोकांवरच्या प्रयोगांचा २०११ साली एकत्र आढावा घेतला होता. २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीनने वरचा आकडा सरासरी ८ ने आणि खालचा जवळजवळ ६ ने चढला, पहिल्या तासात चढायला लागला आणि तीन तास तरी टिकला. म्हणूनच मोजण्याआधी निदान अर्धा तास कॉफी नको असं सांगतात. मी तर म्हणेन, उठल्यावर लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. मोजा, लिहून ठेवा, आणि मग कॉफी. सात दिवसांचे आकडे डॉक्टरांना दाखवा. चुकीच्या वेळी मोजलेल्या आकड्यावरून गोळी वाढली तर तुम्हाला उभं राहताना चक्कर येईल.

आणि खरंच १६० च्या वर राहत असेल तर मग कपांचाही विचार करा. जपानमध्ये १८ हजारांहून जास्त लोकांचा जवळजवळ १९ वर्षं मागोवा घेतला होता. १६०/१०० किंवा त्याहून जास्त रक्तदाब असलेल्यांत, रोज दोन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांचा हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यू होण्याचा धोका न पिणाऱ्यांच्या दुप्पट आढळला. एका कपाने तसं दिसलं नाही. सौम्य रक्तदाबातही नाही.

मुशाफिर
मंगळवार, सकाळी ९.३०

पण सगळीकडे तर छापून येतं की रोज तीन-चार कप पिणारे जास्त जगतात. मग खरं काय?

कुतूहल
मंगळवार, रात्री ९.१०

याचं उत्तर घाईने देता येत नाही, म्हणून रात्रीपर्यंत थांबलो.

तुम्ही म्हणता ते २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यातलं आहे. साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच्या दोनशेवर एकत्रित विश्लेषणांचं पुन्हा विश्लेषण केलं. रोज तीन-चार कप पिणाऱ्यांमध्ये कुठल्याही कारणाने मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा १७ टक्के कमी दिसला. यकृताचे आजार कमी, टाइप-२ मधुमेह कमी, पार्किन्सन कमी. यातल्या यकृताच्या आणि मधुमेहाच्या बाबतीत डिकॅफ पिणाऱ्यांतही फायदा दिसतो, म्हणजे श्रेय एकट्या कॅफीनचं नाही.

पण हे जवळजवळ सगळं निरीक्षण आहे. लोक आपापली कॉफी पीत होते, संशोधक बघत होते. यात किती मोठी चूक होऊ शकते ते कॉफीच्याच इतिहासात आहे. १९८१ साली अमेरिकेत एक अभ्यास गाजला, कॉफीमुळे स्वादुपिंडाचा कर्करोग होतो म्हणून. लोक घाबरले. पुढे लक्षात आलं की तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांमध्ये पोटाचे विकार असलेले बरेच होते, आणि पोट बिघडलेली माणसं आधीच कॉफी कमी करून बसलेली असतात. साहजिकच कर्करोगाचे रुग्ण त्यांच्यापेक्षा जास्त कॉफी पिणारे दिसले. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. आज हीच गोष्ट उलट्या बाजूने घडत असू शकते. आजारी माणूस कॉफी सोडतो, न पिणाऱ्यांच्या गटात जाऊन बसतो आणि पिणारे आपोआप निरोगी दिसतात. चांगले अभ्यास यासाठी हिशेब बसवतात, पण तो पुरता बसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही मत बदललं. १९९१ साली तिने मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत कॉफीला संशयितांच्या यादीत टाकलं होतं. २०१६ साली काढून घेतलं. त्याच वेळी ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेसाठी बहुधा घातक, असं मात्र नोंदवलं. म्हणजे इथेही कॉफीत काय आहे यापेक्षा ती कपात ओतल्यावर किती मिनिटं थांबलात याला महत्त्व आलं.

मला जास्त पटणारा पुरावा छोटा आहे. २०२३ साली शंभर निरोगी माणसांवर चौदा दिवस प्रयोग झाला. रोज फोनवर निरोप यायचा, आज कॉफी प्या किंवा आज पिऊ नका. कॉफीच्या दिवशी माणसं जवळजवळ हजार पावलं जास्त चालली आणि ३६ मिनिटं कमी झोपली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके लक्षणीय वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले मात्र वाढले. एकाच माणसाच्या अंगात, एकाच कपाने, फायदा आणि तोटा दोन्ही. मी स्वतः आरोग्यासाठी म्हणून कॉफी सुरू करा असं कुणालाही सांगणार नाही. जो आवडीने पितो आणि ज्याला सोसते, त्याला सोडायलाही सांगणार नाही.

गारवेल
मंगळवार, रात्री ९.४०

थोडं विषय सोडून. माझ्या नवऱ्याचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं होतं तेव्हा कळलं की कॉफी कशी करता यालाही महत्त्व आहे. पावडर उकळून किंवा दांड्याच्या भांड्यात (फ्रेंच प्रेसमध्ये) दाबून केली की बियांतलं कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य कपात उतरतं आणि कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदाच्या गाळणीत ते अडकून राहतं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथल्या लोकांच्या तपासणीतून १९८३ साली कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध ठळकपणे पुढे आला, तिथे तेव्हा कॉफी उकळून पीत. धातूच्या जाळीने काही फायदा नाही, कागदच हवा.

चकोर
दोन आठवड्यांनंतर, सोमवार, सकाळी ८.३०

दिलेला शब्द पाळतोय. रोजचे तीन कप तेवढेच ठेवले, शेवटचा सकाळी साडेअकराला. पहिले चार दिवस जेवणानंतर हात रिकामा वाटायचा, तेव्हा गरम पाणी प्यायलो. झोप लागायला पूर्वीइतकाच वेळ. त्यात काही फरक नाही.

फरक दुसरीकडे पडला. मी रोज पहाटे तीनच्या सुमाराला उठायचो, लघवीला जायचो, परत येऊन तासभर कूस बदलायचो. वय झालं असं समजत होतो. या दोन आठवड्यांत नऊ रात्री सरळ सहाला जाग आली. पाच रात्री मात्र आधीसारख्याच गेल्या. बायको म्हणते घोरणं तसंच आहे. त्यासाठी वेगळं डॉक्टरांकडे जाणार आहे, कुतूहल यांनी थकव्याचं जे लिहिलं ते डोक्यातून जात नाही. कॉफीला दोष देत नाही, पण "मला लागत नाही" हे वाक्य मागे घेतो.

वळीव
दोन आठवड्यांनंतर, सोमवार, सकाळी १०.००

कॉफीआधी मोजलेल्या सात दिवसांची सरासरी १३६. डॉक्टर म्हणाले, गोळी आहे तीच ठेवू. रातवा, बाळा, तुझे आभार.

पाणपोई
सात आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी १२.२०

आईचा रिपोर्ट काल आला. टीएसएच २.१, गोळी १०० चीच. धडधड थांबली आहे. कंगव्यात केस अजून येतात, डॉक्टर म्हणाले त्याला काही महिने लागतील.

तिने उशाशी पाण्याचं भांडं आणि गोळ्यांचं पाकीट ठेवायला सुरुवात केली आहे. सहाला गोळी, सातला कॉफी. मधला तास सुरुवातीला तिला सरता सरायचा नाही, आता त्या वेळात झाडांना पाणी घालते. शेवंती, तुझ्या आईंचं काय झालं ते कळव. आणि कुतूहल, अॅलेंड्रोनेटचं मी आईला वाचून दाखवलं होतं. परवा तिने शेजारच्या मावशींना दारातच थांबवून विचारलं, "तुमची ती रविवारची हाडांची गोळी, ती तुम्ही कशाबरोबर घेता?"